आधी विचारलं तर

(भोर येथे एका शिक्षकाच्या स्मरणार्थ दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

मागे दारापाशी उभे असलेले विद्यार्थी मित्रहो, पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत. आत या. नाही? बरं, थोड्या वेळानं पुन्हा बोलावतो.

माझा वाढदिवस १ जूनला असतो. तो गुरुजींनी दिलेला. आई सांगायची, पानशेत फुटलं त्यानंतरच्या पाचव्या पावसाळ्यात, भातलावणी चालू असताना मी झालो. लावणी आमच्याकडे जुलैत. पण शाळा जूनमध्ये उघडायची आणि रजिस्टरात तारखेचा रकाना रिकामा ठेवता यायचा नाही, म्हणून गुरुजींनी १ जून लिहून टाकला. वर्गातल्या निम्म्या पोरांचा वाढदिवस त्याच दिवशी. पुढे अमेरिकेत एका विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीत मी वीसेक वर्षं काम केलं. महाराष्ट्रातल्या खेड्यातून आलेल्या एखाद्याच्या पासपोर्टवर १ जून दिसला की त्याच्या मागे उभे असलेले कुणीतरी गुरुजी मला दिसायचे.

दुसरी आठवण आठवीतली. फीच्या सवलतीचा ईबीसीचा फॉर्म भरायचा होता, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. गुरुजींनी वडिलांना निरोप धाडला नाही, मलाच कचेरीत पाठवलं. आधी स्वतःसमोर उभं केलं. “मी साहेब आहे समज. काय विचारशील ते म्हणून दाखव.” चार वेळा म्हणवून घेतलं. तरी कारकुनानं मला हाकललंच. रडत परत आलो. गुरुजींनी जवळबिवळ घेतलं नाही. म्हणाले, “उद्या परत जा.” तिसऱ्या खेपेला दाखला हातात पडला.

आज मला बोलायचंय ते याच दोन गोष्टींवर: कागदावरची तारीख आणि कचेरीच्या दारातून आत पाऊल टाकणं. विषय वरवर रूक्ष आहे. परदेशी शिकायला जाणाऱ्यांचे कागद, व्हिसा आणि तिथे राहण्याचे नियम. पण २०२३–२४ या एका वर्षात एकट्या अमेरिकेत ३ लाख ३१ हजार ६०२ भारतीय विद्यार्थी होते. त्यात मुंबई-पुण्याच्या मुलांबरोबर नसरापूरची, किकवीची, वेल्ह्याची मुलंही आता असतात. म्हणून हा विषय भोरमध्येच बोलायला हवा.

परवानगीचा कागद आपल्याला नवा नाही. ‘दस्तक’ हा शब्द इथल्या मातीत रुजलेला आहे. १६६६ साली आग्र्याला नजरकैदेत असताना महाराजांनी बरोबरच्या माणसांना दक्षिणेत परत पाठवायला बादशहाकडून दस्तकं मिळवली. माणसं कागद दाखवून बाहेर पडली. महाराज स्वतः कागदाशिवाय निसटले आणि राजगडावर पोचले. आपल्याला गोष्टीचा दुसरा भाग फार आवडतो. शिकायला जाणाऱ्या पोरांनी पहिला भाग पाठ करावा, एवढंच माझं म्हणणं.

१८८३ मध्ये आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा विद्यार्थी म्हणून त्यांना कुणी व्हिसा विचारला नाही. तशी पद्धतच नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, ते मात्र करारपत्रावर सही करून. १९१६ मध्ये ते लंडनला पोचले आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धा राहिला, परतावं लागणार होतं. त्या घाईत त्यांनी एक काम केलं. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून आधीच घेतली. येताना सामानाचं जहाज बुडालं, पुस्तकं गेली. ती परवानगी तेवढी राहिली. सिडनॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. त्यांच्या बुद्धीपुढे आपण हात जोडतोच. पण निघण्याआधी जाऊन विचारून ठेवण्याची ती सावधगिरी कुठल्याही पोराला जमण्यासारखी आहे.

अमेरिकेनं ‘विद्यार्थी’ असा वेगळा वर्ग कायद्यात घातला तो १९२४ मध्ये. त्या कलमात एक अट होती: विद्यार्थ्यानं शिक्षण सोडलं तर शाळेनं सरकारला कळवायचं, न कळवणाऱ्या शाळेची मान्यता जायची. पोरावर नजर ठेवायचं काम तेव्हापासून शाळेकडे आहे. १९५२ च्या कायद्यानं आजचा एफ-१ व्हिसा आला, आणि २००३ मध्ये सेव्हिस नावाची संगणकीय नोंद आली. शाळेतली आवक-जावक बारनिशी ज्यांना ठाऊक आहे त्यांना सेव्हिस लगेच कळेल. कोण आला, कुठल्या विषयाला बसला, कुठे राहतो, कधी गेला, सगळं तारखेनिशी. फरक इतकाच की ही बारनिशी सरकारही त्याच क्षणी वाचतं. ती लिहिणाऱ्यांपैकी मी एक होतो. एका खुर्चीत मुलाचा वकीलही मीच आणि तलाठीही मीच.

आता घरापासून सुरुवात करू. प्रवेश मिळाला की विद्यापीठ आय-२० नावाचा कागद पाठवतं. त्यावर सेव्हिसची ३५० डॉलर फी भरायची, मग व्हिसाच्या अर्जाची १८५ डॉलर. हे सोपं आहे. अवघड आहेत ती आपली नावं. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा. कुणी घाईत तिन्ही नावं एकाच रकान्यात भरली आणि आडनाव कोरं राहिलं, तर अमेरिकेच्या व्हिसावर ती तिन्ही आडनावाच्या जागी जातात आणि स्वतःच्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ छापलं जातं. म्हणजे ‘पहिलं नाव अज्ञात’. आईनं बारशाला गूळ वाटून ठेवलेलं नाव!

वडील सातबाऱ्यावर ‘बाळू’, आधारवर ‘बाळासाहेब’. आईचं बँकेतलं खातं माहेरच्या नावानं. ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची, असं प्रतिज्ञापत्र करावं लागतं. ते करा, आणि प्रवेशाचं पत्र यायची वाट न बघता करा.

गावाच्या नावाचंही तेच. भोर संस्थानात पंतसचिवांच्या काळी राजगड आणि प्रचंडगड असे तालुके होते. ८ मार्च १९४८ ला संस्थान विलीन झालं. पुढे वेल्हे महाल आला, मग वेल्हे तालुका, आणि आता पुन्हा राजगड. राज्य मंत्रिमंडळानं त्याला २०२४ मध्ये मान्यता दिली. नाव परत आलं याचा आनंद मलाही आहे. पण एका घरात आजोबांच्या कागदावर संस्थान, वडिलांच्या कागदावर वेल्हे आणि नातीच्या नव्या दाखल्यावर राजगड, हे तिकडच्या माणसाला तीन वेगळी गावं वाटतात. जुन्या कागदाला नवा जुळवण्यासाठी नामांतराच्या राजपत्राची प्रत फाईलला लावून ठेवा.

त्यातून कर्ज. भाटघर, नीरा देवघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी. इतकी धरणं पोटात घेतलेला हा मुलूख. पुनर्वसनात मिळालेली जमीन बहुतेक वेळा भोगवटादार वर्ग २ ची असते. परवानगीशिवाय ती विकता येत नाही. मग चार एकर असूनही बँकेच्या दारात बाप भूमिहीन ठरतो. वर खातं सामाईक. तीन चुलत्यांच्या सह्या हव्यात, त्यातला एक रुसलेला. ही गाठ सोडवायला महिने जातात आणि विद्यापीठ थांबत नाही. म्हणून बारावीनंतर ज्यांच्या मनात परदेश आहे त्यांनी पहिला अर्ज विद्यापीठाला न करता तलाठ्याकडे करावा. त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिथेही जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, हीच वाट.

मग मुलाखत. माझ्या वेळी मुंबईतला अमेरिकी वकिलातीचा बंगला ब्रीच कँडीला होता. पहाटेपासून रस्त्यावर रांग लागायची. २०११ पासून कचेरी वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. जागा बदलली तरी कलम २१४(ब) तेच आहे. समोरचा माणूस कायमचा राहायलाच निघाला आहे असं धरून अधिकारी बसतो. तसं नाही हे अर्जदारानं पटवायचं असतं. आपली मुलं सातबाऱ्यांची भाषांतरं आणि सीएचे दाखले छातीशी धरून जातात, आणि अधिकारी दोन मिनिटांत तीन प्रश्न विचारतो: काय शिकणार, हेच विद्यापीठ का, पैसे कोण देणार. बरेचदा फाईल उघडावीच लागत नाही. एजंटानं पाठ करून घेतलेलं उत्तर मात्र लगेच ओळखू येतं. गुरुजीही म्हणवून घ्यायचे, पण माझेच शब्द.

व्हिसा लागला की पेढे वाटले जातात, पासपोर्टचा फोटो निघतो आणि पोरं व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवतात. खरं स्टेटस तिथे गेल्यावर ठेवावं लागतं. व्हिसा आणि स्टेटस या दोन गोष्टी आहेत, आणि ही गल्लत मी वीस वर्षं रोज निस्तरत आलो. व्हिसा म्हणजे गडाच्या दरवाजापर्यंत नेणारा कागद. दरवाजातून आत गेल्यावर तुम्ही कोण म्हणून राहता आहात, ते स्टेटस. पाच वर्षांचा व्हिसा पासपोर्टवर असताना स्टेटस जाऊ शकतं. आणि व्हिसाची मुदत संपली तरी, नियम पाळत असाल आणि देशाबाहेर पडला नसाल, तर स्टेटस शाबूत असतं. बाहेर पडलात तर परत यायला नवा व्हिसा लागतो. विमानतळावरच्या नोंदीत विद्यार्थ्यापुढे अखेरची तारीख नसते, ‘डी/एस’ अशी दोन अक्षरं असतात. शिक्षण नियमानं चालू आहे तोवर राहा, असा त्याचा अर्थ.

नियमानं म्हणजे काय? पदवीच्या विद्यार्थ्यानं सत्रात किमान १२ क्रेडिट घ्यायचे. त्या १२ मध्ये ऑनलाइन विषय एकच धरला जातो, तोही तीन क्रेडिटपर्यंत. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम, तेही विद्यापीठाच्या आवारात. बाहेर पेट्रोलपंपावर, किराणा दुकानात, हॉटेलात परवानगीशिवाय एक तासही नाही. “पैसे रोख मिळतात, नोंद कुठे होते?” हे मी शंभरदा ऐकलं. रोख घेतल्यानं काम हे काम राहत नाही असं कुठल्या कायद्यात लिहिलंय? घर बदललं तर दहा दिवसांत कळवायचं. शिक्षण संपल्यावर ६० दिवस मिळतात. त्यानंतर अनुभवासाठी काम करायचं तर ओपीटी, १२ महिने; विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांना आणखी २४. पण त्या पहिल्या वर्षात नोकरीविना एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. ते दिवस कार्डावरच्या तारखेपासून मोजले जातात, तुमच्या धीरापासून नव्हे.

ही यादी मी वाचून दाखवली, पण माझ्या टेबलापुढे आलेली बहुतेक दुखणी यादी ठाऊक नसल्यामुळे झालेली नव्हती. एक उदाहरण सांगतो. नाव, गाव, विद्यापीठ सांगणार नाही.

मुलगा आपल्याच खोऱ्यातला. हुशार. तिसऱ्या सत्रात आजारी पडला, महिनाभर अंथरुणात. दोन विषय झेपेनात, म्हणून संगणकावर बसून त्यानं आपले आपण काढून टाकले. क्रेडिट कमी पडले आणि त्याची नोंद बंद झाली. वाईट वाटायचं कारण पुढे आहे. आजारपणात कमी विषय घेण्याची सोय नियमातच आहे. डॉक्टरचं पत्र आणा, सल्लागाराकडून आधी मंजुरी घ्या, मग विषय काढा. एका पदवीच्या काळात एकूण १२ महिन्यांपर्यंत चालतं. दोन्ही वेळी मुलगा तोच, आजार तोच, काढलेले विषयही तेच. आधी विचारलं असतं तर ती सवलत होती, नंतर कळलं म्हणून ते उल्लंघन झालं.

स्टेटस परत मिळवण्याचा अर्ज असतो. स्टेटस गेल्यापासून पाच महिन्यांच्या आत तो करायचा. निकाल लागेपर्यंत काम बंद, मिळकत बंद, घरी मात्र “सगळं बरं आहे” असं सांगायचं. त्याला अखेर मिळालं ते परत. मी विचारलं, “बाळा, एवढं आजारी होतास, मग ऑफिसात का आला नाहीस?” तो म्हणाला, “सर, दोनदा दारापर्यंत आलो होतो.”

मंडळी, हे वाक्य कुठून येतं ते तुम्हाला आणि मला ठाऊक आहे. साहेबापुढे जितकं कमी जावं तितकं बरं, हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या कचेरीनं शिकवलंय. विचारायला गेलं की त्रुटी निघते. त्रुटी निघाली की खेपा वाढतात. म्हणून आपण गप्प बसतो, आणि इथे गप्प बसणं बरेचदा खपूनही जातं. तिकडची बारनिशी मात्र गप्प बसलेल्याला खपवून घेत नाही. शहरातलं पोर बेधडक ईमेल टाकतं, “मला हे झेपत नाही, काय करू?” आपलं पोर “त्यांना कशाला त्रास” म्हणून थांबतं. त्याच्या सुसंस्कृतपणाची किंमत त्याच्या नोंदीला मोजावी लागते.

न विचारणाऱ्याला दुसराही धोका असतो: कुणीतरी भलताच सल्लागार भेटतो. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ट्राय-व्हॅली विद्यापीठावर छापा पडला, आणि काही भारतीय विद्यार्थ्यांच्या पायात माग काढणारी रेडिओ कडी अडकवली गेली. २०१९ मध्ये मिशिगनमधलं फार्मिंग्टन विद्यापीठ तर सरकारी यंत्रणेनंच सापळा म्हणून उभं केलेलं निघालं. तिथे वर्गच भरत नव्हते. त्यात अडकलेल्यांतही बहुसंख्य भारतीय होते. वर्गात न बसता कागद मिळतो असं कुणी सांगितलं, तर तो कागद कशाचा हे विचारा.

नियम पायाखालून सरकतात, हेही खरं. ६ जुलै २०२० ला फर्मान निघालं की सगळे वर्ग ऑनलाइन असलेल्या परदेशी विद्यार्थ्यांनी देश सोडावा. हार्वर्ड आणि एमआयटी न्यायालयात गेली आणि १४ जुलैला ते मागे घेतलं गेलं. २०२५ च्या वसंतात हजारो विद्यार्थ्यांच्या सेव्हिस नोंदी अचानक बंद झाल्या. पुष्कळांना कारण कळलं नाही, खटले झाले, एप्रिलअखेर नोंदी पूर्ववत व्हायला लागल्या. जूनपासून अर्जदारांना समाजमाध्यमांवरची खाती सर्वांना दिसतील अशी उघडी ठेवायला सांगितलं गेलं. ऑगस्टमध्ये ‘डी/एस’ काढून जास्तीत जास्त चार वर्षांची ठरीव मुदत द्यायचा प्रस्ताव आला. तेव्हा मी सांगतो ते आकडे वहीत उतरवून घेऊ नका. ते विचारायचे कुणाला, ते उतरवून घ्या. विद्यापीठात ज्याच्या सहीनं आय-२० निघतो त्याचं नाव, त्याची खोली, त्याची वेळ.

देश बदलला की आकडे बदलतात. जर्मनीत वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी गोठवलेल्या खात्यात ठेवावे लागतात. ब्रिटनसाठी पैसे सलग २८ दिवस खात्यात दिसावे लागतात. कुणा पाहुण्याकडून आदल्या दिवशी आणलेले चालत नाहीत. कॅनडात आवाराबाहेर आठवड्याला २४ तास काम चालतं. आधी विचारायची रीत सगळीकडे एकच.

आणि आपण यजमान असतो तेव्हा? पुण्यात कितीतरी देशांची मुलं शिकतात. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्यानं १४ दिवसांत नोंदणी करायची असते. खोली देणाऱ्या घरमालकानं २४ तासांत कळवायचं असतं. वर्षानुवर्षं त्याला ‘सी फॉर्म’ म्हणत आले. १ सप्टेंबर २०२५ पासून आपल्याकडेही परदेशी नागरिकांसाठी नवा कायदा लागू झाला. उद्या खेड शिवापूरच्या तुमच्या खोलीत एखादा सुदानचा नाहीतर येमेनचा मुलगा राहायला आला, तर त्याचा फॉर्म भरा, आणि तो दारात घुटमळत असेल तर त्याला आत बोलावून विचारा. त्याच्याही गावी कुणीतरी गुरुजी असतील.

गुरुजींनी मला परदेशाबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं. ते स्वतः पुण्यापलीकडे फारसे गेले नव्हते. पण १९९० साली मी पहिल्यांदा त्या विद्यापीठाच्या कचेरीपुढे उभा राहिलो, इंग्रजी घशात अडकलेलं, तेव्हा मनातल्या मनात चार वेळा म्हणून पाहिलं आणि दार ढकललं. आतल्या बाईंनी काहीतरी विचारलं, ते मला कळलं नाही. मी बाहेर आलो. दुसऱ्या दिवशी परत गेलो.

तो मुलगाही दोनदा गेला होता. दुसऱ्या खेपेनंतर त्याला ‘उद्या परत जा’ म्हणणारं कुणी नव्हतं. या सभागृहातल्या प्रत्येक आई-बापानं आणि शिक्षकानं एवढं एक काम घ्यावं. मुलाचा दाखला त्यालाच आणू द्या. एक खेप वाया गेली तर जाऊ द्या. मात्र संध्याकाळी ते वाक्य म्हणायला विसरू नका.

आता पुन्हा बोलावतो म्हणालो होतो. दारातली मुलं अजून तिथेच आहेत. प्रश्नोत्तरांची वेळ झाली आहे. या, पुढे येऊन बसा. पहिला प्रश्न तुमचा.